मदत हवी आहे: पीडीएफ, एक्सेल, फोटो एकाच फाइलमध्ये कसे द्यायचे?

सोसायटीच्या मानीव अभिहस्तांतरणाची (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमीन-इमारतीची मालकी सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावावर होणं) कागदपत्रं सभासदांना एकत्र पाठवायची आहेत: सातबारा आणि इंडेक्स टूचे (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) स्कॅन, खर्चाची एक्सेल, इमारतीचे फोटो. सगळं मिळून साधारण ६० एमबी, म्हणजे जीमेलच्या २५ एमबीत बसत नाही. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून चालेल.

झिप केली, ज्येष्ठांना मोबाइलवर उघडता येईना. सगळ्याचं एकच पीडीएफ केलं तर एक्सेलमधली सूत्रं जातात, आणि लोकांना नेमकी तीच तपासायची आहेत. अ‍ॅक्रोबॅटमधला पीडीएफ पोर्टफोलिओही (वेगवेगळ्या फाइली मूळ रूपात एकत्र ठेवणारं पीडीएफ) करून पाहिला; ब्राउझरमध्ये नुसतं पहिलं पान दिसतं. ड्राइव्हची लिंक नको, प्रत्येकाकडे स्वतःची, न बदलणारी प्रत राहायलाच हवी.

साध्या पीडीएफलाच मूळ एक्सेल अटॅचमेंट म्हणून जोडली, तर अँड्रॉइडवर ती कुठल्या मोफत ॲपमध्ये उघडेल?