तारखा जुळल्या म्हणे! कोणाच्या?

कपाशीवाला (राळेगावकडचा):
जोहान्सबर्गची जी-२० (मोठ्या अर्थव्यवस्थांच्या गटाची) परिषद आटोपली म्हणून गुरुजींनी काल पोस्ट टाकली. त्यांचं म्हणणं, खात्याखात्याच्या मंत्र्यांच्या बैठका शिखर परिषदेच्या तारखांशी जुळवल्या की वरचा निर्णय खालपर्यंत झरझर येतो. नमुना म्हणून २०२३ सालचा आपला भारताचा कार्यक्रम दिला. वाचून चहा गोड लागेना, म्हणून लिहितो.

जून २०२३ मध्ये हैदराबादला कृषिमंत्री बसले. ९-१० सप्टेंबरला दिल्लीत राष्ट्रप्रमुख. अन्नसुरक्षेची 'डेक्कन' तत्त्वं हैदराबादेत ठरली, दिल्लीच्या जाहीरनाम्यात त्यांचं नाव छापून आलं. बस, नाव आलं. त्या कागदात माझ्या कापसाचा भाव कोणत्या पानावर आहे ते गुरुजींनी सांगावं. मी चष्मा लावून बसतो.

गुरुजी:
भाव तिथे ठरतच नसतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण हैदराबादेत युक्रेन युद्धाच्या परिच्छेदावर अडलं. सगळ्यांची सही असलेला जाहीरनामा निघालाच नाही, अध्यक्षांचा सारांश जोडून वेळ निभावली. बाकी शेतीचे मुद्दे मात्र तिथेच मिटले. म्हणून दिल्लीत नेत्यांना भरडधान्यावर डोकं खाजवावं लागलं नाही. लग्नाची बोलणी मामा-काका आधी करून घेतात ना? मांडवात मानपान निघाला तर वऱ्हाड उपाशी राहते.

झाडीतला:
अन् एवढी बोलणी करून जोहान्सबर्गात अमेरिका आलीच नाही. नवरदेवच रुसला की हो गुरुजी 😄

पांढरकवड्याची:
तारखांचं कौतुक नका सांगू. मार्च २०२३ मध्ये पाहुणे येणार म्हणून नागपूरच्या भिंती रंगल्या, झाडाझाडाले लाइट. आमच्या गावचा पूल दोन पावसाळ्यांपासून खचलेला, पोरी शाळेत जाते तर गुडघ्याइतकं पाणी. पाहुणे आमच्या रस्त्यानं काऊन नाई आणले?

गुरुजी:
ताई, नागपूरला झाली ती सी-२०, स्वयंसेवी संस्थांची. मंत्र्यांची नव्हे. दोन्ही एकात घालू नका.

पांढरकवड्याची:
पाण्यात उभं राहणाऱ्या पोरीले फरक सांगा तुम्ही.

कपाशीवाला:
तारखांचाच विषय आहे ना? मग ही घ्या तारीख. १९ ऑगस्ट २०२५. कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क माफ. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग लांबवलं ३१ डिसेंबरपर्यंत. आमची वेचणी दसऱ्या-दिवाळीत. कुठलाही शेर्पा (नेत्यांच्या वतीनं आधी बोलणी करणारा दूत) नको, मंत्रिगट नको, सारांश नको. एक अधिसूचना अन् मोकळे! आमच्या विरोधात जायचं असलं की तारखा बरोबर जुळतात बाप्पा.

सूतगिरणीतला:
एकतर्फी नका बोलू. २७ ऑगस्टपासून अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, मागण्या थांबल्या. माझ्या भावाची पाळी बंद पडली, त्याच्या घरीही चूल पेटते. स्वस्त रुई नसती तर गिरणीच बसली असती. मग तुमचा कापूस घेतला कोणी असता?

कपाशीवाला:
भावाचं वाईट वाटते, खरंच. पण त्याची पाळी माझ्या खिशातून का चालवायची? लांब धाग्याचा २०२५-२६चा हमीभाव ८,११० हा फक्त कागदावर राहिला. खरेदी केंद्रावर मशीन खुपसलं, म्हणे ओलावा १४ टक्के. बारावर गेला की घेतच नाहीत. घरी आणला, आठ दिवस अंगणात वाळवला. परत नेला तर म्हणे मोबाइलवरची नोंदणी अर्धवट आहे. शेवटी व्यापाऱ्याला सहा हजार आठशेनं दिला.

झाडीतला:
आमच्याकडे धानाचंही तेच. ओलावा, बारदाना, सातबारा. साहेब जेवायले गेले.

वर्ध्याचा:
दव पडल्यावर सकाळी वेचता अन् दुपारी नेता, मग मशीन काय करील? चूक कबूल करा ना कधी.

कपाशीवाला:
तू वेचून पाहाय एक दिवस! दुपारच्या उन्हात वेचणारी बाई मिळते का? मिळाली तर तिचा नंबर दे. घरात पंख्याखाली बसून शेती शिकवते.

वर्ध्याचा:
चार एकर आहे माझी. पंखा बापाच्या काळचा आहे.

गुरुजी:
मूळ मुद्दा राहिला. तुमच्याच कापसाचं सांगतो. २००५ मध्ये हाँगकाँगला जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्र्यांनी ठरवलं, श्रीमंत देशांनी कापसाच्या निर्यातीवरचं अनुदान २००६ मध्ये बंद करावं. बैठकीतूनच निघालं की नाही?

कपाशीवाला:
निघालं. अन् घरच्या शेतकऱ्यांना देतात ते अनुदान? ते बंद करा म्हणून आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली २००३ पासून ओरडून राहिले. २०२४ मध्ये अबुधाबीला मंत्री पुन्हा बसले, शेतीवर काहीच ठरलं नाही. तुमचे मामा-काका वीस वर्षं नुसता चहाच पिऊन राहिले.

गुरुजी:
बरं. ते अडलेलं आहे, मान्य. पण बैठकच नसती तर त्या चार देशांचं ऐकलं कोणी असतं?

कपाशीवाला:
ऐकून घेतात, एवढं मात्र खरं. आमच्या पटवाऱ्यापेक्षा बरे म्हणायचे. तुमचा एक गुण.

पांढरकवड्याची:
अन् पूल?

वर्ध्याचा:
गुरुवारी टेम्पो नेतो केंद्रावर, सहा क्विंटलची जागा रिकामी आहे. भाऊ, राहिलेला कापूस असंल तर टाका. पण दुपारी वेचलेला.