हिमोफिलियाच्या पोरांना अँटीबॉडी आधी मिळायला हवी

कोरेगावकर :
मुलगा सात वर्षांचा, हिमोफिलिया ए, सिव्हिअर, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर ८ हे प्रथिन अंगात जवळपास नाहीच. आठवड्यातून तीनदा शिरेतून फॅक्टर ८. बारा तासांत त्याचा असर निम्म्यावर येतो, म्हणून पुन्हा पहाटेची एसटी. परवा चौथ्या टोचणीला शीर सापडली, तोवर पोरानं माझी बाही दातात घट्ट धरली होती. एमिसिझुमॅब ही अँटीबॉडी कातडीखाली टोचतात, आठवड्यातून एकदा किंवा डोस वाढवून चार आठवड्यांतून एकदा. एका हातानं फॅक्टर ९, दुसऱ्यानं फॅक्टर १० ही रक्त गोठवणारी दुसरी प्रथिनं धरून दोघांची गाठ घालते, म्हणजे फॅक्टर ८ चंच काम. अमेरिकेत २०१७ ला मान्यता मिळाली. लहान पोरांना सरकारनं ती आधी द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

सांगलीचा भाऊ :
दादा, पोराचं वाचून पोटात तुटलं. तरी मला हे पटत नाही. माझा हिमोफिलिया बी. माझ्यात फॅक्टर ९ च नाही, तर ती अँटीबॉडी धरणार काय? लहानपणी फॅक्टर मिळाला नाही, गुडघ्यात रक्त साठत गेलं. आज पंगतीला मांडी घालता येत नाही. पैसा महाग इंजेक्शनाकडे गेला आणि फॅक्टरचा साठा आटला, तर आम्ही कुठं जायचं? आणि अँटीबॉडी चालू असली तरी मोठा मार लागला की फॅक्टर लागतोच.

कराडची लॅबवाली :
भाऊंचं शेवटचं वाक्य खरं आहे. पण ज्यांच्या अंगात फॅक्टर ८ विरुद्ध इन्हिबिटर, म्हणजे त्याला निकामी करणारी प्रतिपिंडं, तयार झालाय, त्यांना नेहमीचा फॅक्टर लागूच पडत नाही. पहिला हक्क त्यांचा. एक कळकळीनं सांगते, ही अँटीबॉडी घेणाऱ्याचा एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी चाचणी) रिपोर्ट नॉर्मल येतो, आजार मात्र असतोच. इंजेक्शन बंद केल्यावरही कित्येक महिने हीच गत. दात काढायचा असला तरी आधी सांगा. इन्हिबिटरवाल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुनं बायपास औषध (फॅक्टर ८ ला वळसा घालून रक्त गोठवणारं) सोबत घेऊच नये, गुठळ्या झाल्याच्या नोंदी आहेत.

कोरेगावकर :
ताई, माझ्या पोराला इन्हिबिटर नाही. म्हणजे त्याचा नंबर मागे. मान्य. पण भाऊ, साठा कमी करा असं मी कुठं म्हटलं? दोन्ही मागू.

सांगलीचा भाऊ :
मागू. सरकारला द्यायच्या निवेदनात फॅक्टर ९ चा साठा पहिल्या ओळीत लिहा, मग सही करतो.