चटणी ३६० ची, पाठवायला १४०: घरून माल पाठवणारे टपालखर्च कसा आवरता?

जवारी (गडहिंग्लज)

नमस्कार. इथं घरून माल विकणारे बरेच जण आहेत असं दिसलं म्हणून विचारते.

मी कांदा-लसूण मसाला करून विकते. आमच्याकडं त्याला चटणीच म्हणतात, त्यामुळं पुढं चटणीच लिहीन, खोबऱ्याची समजू नका. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, सगळं घरी भाजून डंकावर कुटून आणायचं. सुरुवात भावाच्या डब्यापासून झाली. तो पुण्यात, त्याच्या ऑफिसातल्यांनी चव घेतली, मग त्यांच्या बहिणी, मग बेंगळुरू आणि बडोद्यापर्यंत गेलं. मार्च ते जून आठवड्याला २५-३० पार्सलं जातात, पावसाळा लागला की निम्मी.

चटणीत अडचण काही नाही. अडचण पाठवण्यात आहे. वही ठेवते म्हणून आकडे आहेत. एप्रिलमध्ये १०४ पार्सलं गेली. माल ४८,९०० चा. पाठवणावळ १२,८९० रुपये. गिऱ्हाइकाकडून मी सरसकट ८० रुपये घेते, म्हणजे ८,३२० आले, वरचे ४,५७० माझ्या पदरचे. अर्धा किलोची पुडी ३६० ला विकायची आणि कुरिअरला त्यावर १४० द्यायचे, हे मनाला पटत नाही. मालक म्हणतात, दर वाढव. पण दर वाढवून ते पैसे कुरिअरवाल्यालाच जाणार असतील तर काय उपयोग?

वेळेचंही तेच. सकाळी पुड्या भरायच्या, खोकी बांधायची, मोबाइलवर बघून एकेक पत्ता मार्करनं खोक्यावर उतरवायचा. दुपारी स्कूटीवर कुरिअरकडं, तिथं पोचत नाही त्या गावांची पार्सलं घेऊन पोस्टात. रात्री जेवणं झाली की प्रत्येकाला पावतीचा फोटो. हे रोज. चटणी कुटायला जात नाही एवढा जीव पाठवण्यात जातो.

स्वस्त कुरिअर कुठलं ते सांगा, किंवा दुसरं काही सुचत असेल तर सांगा.

लोकरगुंडा (डोंबिवली)

ताई, कुरिअर बदलायच्या आधी दोन गोष्टी सांगा. सगळं बांधून झाल्यावर एका पार्सलचं वजन किती भरतं? आणि खोक्याची लांबी-रुंदी-उंची?

जवारी

वजन घरच्या काट्यावर ६९५ ग्रॅम. आत्ता करून बघितलं. खोकं बुटाचं आहे. दिराचं चपलांचं दुकान आहे, खोकी फुकट मिळतात, तेवढीच बचत. टेपनं मोजलं, ३० × १८ × ११ सेंटीमीटर.

लोकरगुंडा

तरीच!

फुकटचं खोकंच तुम्हाला बुडवतंय. कुरिअरवाले दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं आणि एक आकाराचं. आकाराचं म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. दोन्हींतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात, आणि तेही अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्यानं. तुमचं गणित मांडू या. ३० × १८ × ११ म्हणजे ५,९४०. भागिले ५००० म्हणजे जवळजवळ १.१९ किलो. टप्पा लागला दीड किलोचा. तुम्ही अर्धा किलो चटणी पाठवताय आणि दीड किलोचं भाडं भरताय. अर्धं खोकं तर वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरलेलं असेल!

मी क्रोशाची बाळंतविड्याची सेटं करते. लोकर हलकी, पण फुगते. पहिल्या वर्षी मीही हाच मार खाल्ला. आता दाबून पातळ पिशवीत घालते.

चटणी काय काचेची आहे का? खोकं हवंच कशाला? जाड लॅमिनेटेड पाउच, हाताच्या सीलिंग मशिननं दोनदा सील, त्यावर दुसरी प्लास्टिक पिशवी (तुमच्या चटणीला तेल सुटतंच), आणि वरून कुरिअर बॅग, ती चिकटवायची पट्टीवाली. चपटं पार्सल होतं.

पण एवढ्यानं भागणार नाही. अर्धा किलो नेट चटणी आणि वर ४० ग्रॅमचं आवरण म्हणजे ५४०. चाळीस ग्रॅमसाठी पुढचा टप्पा. पुडीच ४५० ग्रॅमची करा.

जवारी

४५० ची पुडी? आमच्याकडं पावशेर, अर्धा, किलो असंच चालतं. गिऱ्हाईक म्हणेल, पन्नास ग्रॅम खाल्ले.

लोकरगुंडा

पुडीवर ठळक ४५० ग्रॅम लिहा आणि दर त्याच हिशेबानं घ्या. ७२० किलो असेल तर ३२४. खाल्ले कुठं? नेट वजन आणि किंमत तशीही छापावीच लागते. आणि दोन पुड्या घेणाऱ्याचं बघा: ९०० अधिक आवरण, किलोच्या आत बसतं. तुमच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन पुड्या बांधल्या की दीड किलोच्या टप्प्यात जातात. आमच्या वस्तूंत असं मापात बसवता येत नाही, तुम्हाला येतंय तर करा.

गरमभात (ठाणे)

अवांतर: मला ४५० चालेल. ५०० चालेल. जे असेल ते चालेल. दोन पुड्या कुठं मिळतील?

टपालकाका (सातारा)

चौतीस वर्षं पोस्टात काढली, बरीचशी काउंटरवर. निवृत्त आहे, तेव्हा मोकळेपणी लिहितो.

पहिलं, पत्ता. सूनबाई, तुम्ही पिनकोड मराठी आकड्यांत लिहिता की इंग्रजी? हसू नका. आपला ४ इंग्रजी आठासारखा दिसतो, आपला १ इंग्रजी नवासारखा आणि घाईत काढलेला ५ इंग्रजी चारासारखा. छाटणी करणारा माणूस गुजरातचा असो की कर्नाटकचा, तो पत्ता वाचत बसत नाही, पिन बघून पार्सल खणात टाकतो. पहिले तीन आकडे चुकले की पार्सल दुसऱ्याच जिल्ह्याची वारी करून येतं. ४११ म्हणजे पुणे, ४१४ म्हणजे नगर. शिवाजीनगर तर प्रत्येक शहरात आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला तो याच घोळावर उपाय म्हणून. आणि तो बसवणारे आपलेच, श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्राच्या दळणवळण खात्यात अधिकारी आणि संस्कृतचे कवी. तेव्हा पत्ता मराठीत लिहा, अभिमानानं लिहा, पण पिन इंग्रजी आकड्यांत.

दुसरं, वेळ. तुम्ही दुपारी जाता म्हणता. तुमच्या पोस्टातली थैली किती वाजता निघते ते एकदा खिडकीवर विचारा. प्रत्येक ऑफिसची वेळ ठरलेली असते. थैली गेल्यावर तुम्ही पाच मिनिटांनी पोचलात काय आणि संध्याकाळी पोचलात काय, पार्सल दुसऱ्या दिवशीच निघणार. लोक रांगेत तासभर उभे राहतात आणि थैली चुकवतात. सोमवारी आणि सुटीच्या दुसऱ्या दिवशी शक्यतो जाऊ नका.

तिसरं, दर. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा 'रजिस्टर करा' म्हणून खिडकीवर हटून बसू नका. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे कागदपत्रांचे दर बदलले, तब्बल तेरा वर्षांनी. ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये, बाहेरगावी ४७, जीएसटी वेगळा. हे पाकिटाचे दर आहेत, चटणीला लागू नाहीत, पार्सलचा तक्ता निराळा. पुष्कळ जण मोबाइलवर कागदपत्रांचा दर बघून येतात आणि खिडकीवर भांडतात. त्याच वेळी नव्या घाऊक ग्राहकांना ५ टक्के सवलतही सुरू झाली. तुमची महिन्याची शंभर पार्सलं आहेत, मुख्य पोस्टात जाऊन रीतसर विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

जाता जाता, शैक्षणिक पुस्तकं विकणारे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आहे. ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून ५ किलोला १०० पर्यंत, कर वेगळा. त्यात चटणी घालू नका, वास लपत नाही.

मुठेकाठी (पुणे)

सगळे कुरिअरचंच बोलताय. बहुतेक गिऱ्हाईक पुण्यातलं आहे ना? मग एकेक पुडी गडहिंग्लजहून का पाठवायची? पंधरा-वीस किलोचं एक पोतं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं नाहीतर एसटीनं भावाकडं पाठवा. तिथून लोक येऊन घेऊन जातील, लांबच्यांना ॲपवरचा डिलिव्हरीवाला. आमच्या सासूबाई कोकणातून आंबे असेच मागवतात आणि सोसायटीत वाटतात.

जवारी

ते करून बघितलंय. भावजय दोन महिने गप्प राहिली, तिसऱ्या महिन्यात म्हणाली, "वन्सं, दाराची बेल वाजली की मला आता मिरचीचाच वास येतो." तिचंही बरोबर आहे. तिची नोकरी, लहान मूल, आणि लोक रात्री साडेनवाला पुडी न्यायला येणार. फुकटची माणसं फुकटच्या खोक्यांसारखीच म्हणायची.

लोकरगुंडा

हे वाक्य लिहून ठेवते. :)

राहिलेलं सांगते. रोज पाठवणं बंद करा. आठवड्यातले दोन वार ठरवा, आदल्या रात्री नऊपर्यंत पैसे आले तर त्या खेपेत, नाहीतर पुढच्या. मी मंगळवार-शुक्रवार करते. लोक कुरकुरत नाहीत, त्यांना फक्त वार माहीत असावा लागतो. पत्ता मागताना एकच ठरलेला मजकूर पाठवा: नाव, घर, खूण, गाव, तालुका, पिन, फोन. उत्तर आलं की तसंच उचलून चार बाय सहाच्या स्टिकरवर छापायचं. थर्मल प्रिंटरला शाई लागत नाही. घ्यायचा नसेल तर साध्या कागदावर चार पत्ते छापून कापा आणि वर पारदर्शक टेप लावा. मार्कर मात्र सोडा.

माल मिळाल्यावर पैसे, हे करत असाल तर तेही सोडा. माणूस दार उघडत नाही, पार्सल परत येतं आणि जाण्याचं-येण्याचं दोन्ही भाडं आपल्या बोकांडी.

आणखी एक. प्रत्येक पार्सल काट्यावर ठेवून फोटो काढा, आकडा दिसला पाहिजे. माझ्या एका सेटचं वजन ४१० असताना त्यांच्या गोदामात म्हणे ९०० भरलं आणि खात्यातून परस्पर फरक कापला. फोटो दाखवला म्हणून परत मिळाला.

जवारी

तीन आठवडे झाले, सांगायचं राहिलं होतं.

पुडी ४५० ची केली. बांधून ४८७ ग्रॅम भरते. आधी ४९६ भरत होती, पण आमचा काटा आणि कुरिअरचा काटा यांत आठ-दहा ग्रॅमचा फरक निघाला. किराणा दुकानातल्या तराजूशी ताडून बघितलं तर आमचाच कमी दाखवत होता. म्हणून बाहेरची पिशवी एक नंबर लहान आणली. आकार २४ × १६ × ४, भागून तीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तिकडून भीती नाही. महाराष्ट्रात एका पुडीला आता ६० पडतात, दोन पुड्यांना १००. निम्म्याहून जास्त लोक दोनच मागवायला लागलेत, कारण मी सरळ लिहिलं: एकीला पाठवणावळ ६०, दोन घेतल्या तरी १००. ८० सरसकट घेणं बंद केलं. पन्नास ग्रॅमबद्दल एकाच बाईंनी विचारलं, त्याही सांगलीच्या, आणि सांगितल्यावर दोन घेतल्या.

पहिल्या आठवड्यात दोन पुड्यांना तेल सुटलं. सील एकदाच मारलं होतं, चूक माझी. दोघींना नवीन पाठवल्या.

वार बुधवार आणि शनिवार. पोस्टात विचारलं, आमची थैली साडेतीनला निघते. मी इतकी वर्षं चारला जात होते! काका, तुमच्यामुळं कळलं. पिनकोडचंही खरं निघालं. फेब्रुवारीत एक पार्सल महिनाभर फिरून परत आलं होतं, त्याचं खोकं अजून माळ्यावर होतं म्हणून काढून बघितलं. मी लिहिलेल्या ४ वर कुणीतरी लाल पेनानं गोल करून शेजारी इंग्रजी आठ काढला होता. घाऊक सवलतीसाठी अर्ज दिलाय, अजून कळवलेलं नाही.

प्रिंटर घेतला नाही. मुलगा शाळेतून आल्यावर पत्ते टाइप करतो, पानामागं दोन रुपये मागतो. ते वहीत पाठवणावळीतच धरते.

दीर विचारत होते, खोकी न्यायला का येत नाहीस. काय सांगू?

गरमभात

ताई, माझ्या दोन पुड्या?

जवारी

बाजूला ठेवल्यात, बुधवारी निघतील. पत्ता मेसेज करा. पिन इंग्रजी आकड्यांत.