मदत हवी आहे: उभ्या कॅराव्हॅनची बॅटरी उतरते

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, जुळे सोलापुरात राहतो. आई-बाबांना गुडघ्यांमुळे लांबचा प्रवास झेपत नाही, म्हणून जुनी मिनीबस घेऊन तिची कॅराव्हॅन (आत झोपता-राहता येईल अशी गाडी) करून घेतली. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर झालं. दोघं इतके खूश होते!

पण फेऱ्यांच्या मधे गाडी पत्र्याच्या शेडमध्ये तीन-तीन आठवडे उभी राहते आणि आतल्या दिवे-पंख्याची १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवणक्षमता) लेड-ॲसिड बॅटरी पार बसते. गेल्या वेळी ९ व्होल्ट दाखवत होती. वर्षात दुसरी बॅटरी गेली, मनाला फार लागलं.

सगळं बंद करून मल्टीमीटर लावला, तरी १८० मिलिअँपिअर ओढतंय. म्हणजे दिवसाला ४.३ एएच, बारा दिवसांत निम्मी बॅटरी खलास. एकेक फ्यूज काढून पाहिले, तर करंट ओढणारे हे निघाले: गॅस अलार्म, जीपीएस आणि स्टिरिओ. त्यात आपला उन्हाळा, चाळिशीपार. उष्णतेनं बॅटरी आपोआपही लवकर उतरते.

निगेटिव्हला कट-ऑफ स्विच टाकावा, तर जीपीएस बंद पडतो, आणि तो मला चालूच हवाय. शेडवर छोटं सोलर पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर बसवला तर ५० वॅट पुरेल का? की घरच्या लाइनवर फ्लोट चार्जर (बॅटरी भरल्यावर ती भरलेली राहील इतकाच करंट देणारा) कायम लावून ठेवू? स्वतः वापरून पाहिलेल्यांनी कृपया सांगा. आषाढी वारीआधी काम उरकायचंय.