‘लिपिड मेटॅबॉलिझम’ मराठीत कसं लिहावं? (परजीवींच्या संदर्भात)

भाषांतरवाला:
मलेरिया, काळा आजार वगैरेंच्या जंतूंवरचा एक लेख मराठीत आणतोय आणि शीर्षकातच अडलोय: ‘लिपिड मेटॅबॉलिझम’, म्हणजे कोलेस्टेरॉल, मेदाम्लं अशा चरबीसदृश पदार्थांची पेशीतली घडण आणि मोडण. ‘रोगकारक आदिजीवांमधील मेद-चयापचय’ लिहिलं, पण ‘मेद’ म्हटलं की वाचकाला पोटावरची वळी दिसणार. ‘वसा’ लिहावं, तर ‘घेतला वसा टाकू नये’! ‘स्निग्ध पदार्थ’ कसं वाटतं?

कोशकीटक:
‘चयापचय’ राहू द्या. चय म्हणजे जुळणी, साठवण. अपचय म्हणजे मोडणी, झीज. दोन्ही बाजू आल्या. ‘मेद’ हा आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी एक, त्याला स्वतःचा अर्थ आहे. त्यात कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिडं कोंबू नयेत. ‘स्निग्ध पदार्थ’ आहाराच्या तक्त्यात शोभतात. सरळ ‘लिपिड’ लिहा, नपुंसकलिंगी. ‘मेदाम्ल’ रुळलंय, ते चालेल.

प्रयोगशाळेतली:
‘लिपिड’ला अनुमोदन. इथे प्रश्न चरबीपेक्षा पेशीपटलाचा जास्त आहे. काळा आजाराचा लीशमानिया घ्या. आपल्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल, त्याच्या पटलात बुरशीसारखं अर्गोस्टेरॉल आणि त्याच्या जवळची स्टेरॉलं (कोलेस्टेरॉलच्या जातकुळीतली लिपिडं). म्हणून अँफोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध त्यालाही लागू पडतं, कारण ते अर्गोस्टेरॉलला चिकटतं. गंमत म्हणजे हे औषध आता लिपिडाच्याच सूक्ष्म पिशव्यांत भरून देतात, म्हणजे मूत्रपिंडाला त्रास कमी होतो. तोंडाने घ्यायचं मिल्टेफोसिन (भारतात २००२ मध्ये मान्यता) तेही रचनेने लिपिडांच्याच गोतातलं.

‘चयापचय’बद्दल मात्र एक शंका. जो स्वतः बनवतच नाही त्याचं काय? टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीला स्टेरॉल बनवता येत नाही. यजमान पेशी (ज्या पेशीत तो राहतो ती) एलडीएलमधून, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांमधून, कोलेस्टेरॉल आत घेते, ते हा पळवतो. मलेरियाचा प्लाझ्मोडियम आणखी अवघड. त्याच्याकडे अ‍ॅपिकोप्लास्ट नावाचं, शैवालाकडून आलेलं अंगक (पेशीच्या आतला छोटा अवयव) आहे आणि त्यात मेदाम्लं बनवायची जिवाणूंसारखी यंत्रणा. २००१ मध्ये बंगळुरूच्या नमिता सुरोलिया आणि अवधेश सुरोलिया यांनी दाखवलं, की टूथपेस्टमध्ये वापरलं जाणारं ट्रायक्लोसान जंतूची वाढ रोखतं आणि या यंत्रणेतलं एक विकर (एन्झाइम) अडवतं. मोठी आशा निर्माण झाली. पुढे त्या विकराचं जनुकच काढून पाहिलं, तर रक्तातल्या जंतूचं काही अडेना! उंदरांच्या मलेरियात यकृतातला शेवटचा टप्पा तेवढा अडखळला. रक्तात असताना हा मेदाम्लं मुख्यतः बाहेरून घेतो.

भाषांतरवाला:
म्हणजे ‘स्कॅव्हेंजिंग’. पुढचा प्रश्न तोच होता. ‘उसनवारी’?

कोशकीटक:
उसनं परत करावं लागतं. ‘उचल’ही तशीच, ऊसतोड कामगारांना विचारा, फिटता फिटत नाही. ‘सरवा वेचणं’ हा सुरेख शब्द आहे, पण सरवा म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेलं. इथे उभं पीकच नेताहेत.

माळावरचा:
‘आयतं घेणं’. आयत्या बिळावर नागोबा!

प्रयोगशाळेतली:
‘आयतं’ छान, पण सगळ्यांना लावू नका. निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोमाचं प्रथिनांचं सगळं आवरण मिरिस्टिक आम्लाने पटलात रोवलेलं असतं. चौदा कार्बनचं हे मेदाम्ल रक्तात तुटपुंजंच मिळतं, म्हणून तो ते घडवतोसुद्धा. इतर जीव ज्या प्रकारच्या विकरांनी मुळातच लांब असलेलं मेदाम्ल आणखी लांबवतात, त्याच प्रकारच्या विकरांनी हा चार कार्बनपासून सुरुवात करतो आणि दोन-दोन जोडत जातो. हा नक्कीच ‘चय’.

भाषांतरवाला:
मग शीर्षकात ‘लिपिड-चयापचय’, आत जागेनुसार ‘आयतं घेणं’ किंवा ‘घडवणं’. आणि ‘होस्ट’ला ‘यजमान’च ना? उगाच पंगत वाढल्यासारखं वाटतं.

कोशकीटक:
‘यजमान’च ठेवा. ‘आश्रयी’ लिहिलंत तर आश्रय देणारा की घेणारा, हा नवा घोळ.

प्रयोगशाळेतली:
पंगतीचं म्हणाल तर टॉक्सोप्लाझ्माला पानात काय वाढलंय यानेच फरक पडतो. त्याचं लैंगिक पुनरुत्पादन फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होतं. तिथे लिनोलिक आम्ल या मेदाम्लाचं पुढे रूपांतर करणारं डेल्टा-६-डिसॅच्युरेज हे विकर काम करत नाही, त्यामुळे ते आम्ल साठून राहतं. २०१९ मध्ये उंदरांत हे विकर रोखून, वर लिनोलिक आम्ल खाऊ घालून हाच टप्पा उंदराच्या आतड्यात घडवून दाखवला. लेखात नसेल तर तळटीप टाका.