मदत हवी आहे : एएमटी अ‍ॅडमिन मोडमध्ये न्यायचंय, पण आमचं डोमेन डॉट लोकल आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या संस्थेतले दोनशेच्या आसपास डेस्कटॉप आम्ही तिघं सांभाळतो. सगळे व्हीप्रोवाले (व्हीप्रो म्हणजे ऑफिसच्या मशीनसाठीचं इंटेलचं तंत्रज्ञान), नेटवर्क बोर्डावरचंच, वायर्ड. म्हणजे इंटेल एएमटी (विंडोज बंद असतानाही मशीन लांबून हाताळू देणारी सोय) प्रत्येक मशीनमध्ये आहेच, आजवर कुणी चालू केलं नव्हतं इतकंच. विंडोज उठतच नसेल तर नेहमीचं रिमोट सॉफ्टवेअर काही कामाचं नाही, आणि बायोसमधली (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली) एखादी सेटिंग बदलायलासुद्धा दुसऱ्या इमारतीत जावं लागतं. एएमटी चिपसेटमधून, स्टँडबाय विजेवर चालतं. म्हणून हेच नीट बसवायचं ठरवलंय.

आधी एएमटीचं फर्मवेअर (चिपसेटमधलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं. २०१७ साली उघड झालेल्या त्रुटीत पासवर्डच्या जागी रिकामं उत्तर पाठवूनही आत शिरता येत होतं, तेव्हा जुन्या फर्मवेअरवर हे चालू करायची माझी तयारी नव्हती. मग काही मशीनवर विंडोजमधूनच क्लायंट कंट्रोल मोड (एएमटीचा मर्यादित अधिकारांचा मोड) चालू करून ती मेशसेंट्रलला (मशीन लांबून सांभाळायच्या सॉफ्टवेअरला) जोडली. १६९९२ पोर्टवर एएमटीचं पान उघडतंय, बंद मशीन लांबून चालू होतंय. (पान तपासायचं ते दुसऱ्या मशीनवरून. त्याच मशीनच्या ब्राउझरमधून बघाल तर उगाच गोंधळ होईल.) एक-दोन मशीन बंद केल्यावर गायब व्हायची, तिथे बायोसमध्ये डीप स्लीप (बंद मशीनची स्टँडबाय वीजही तोडणारी सेटिंग) चालू निघालं. ते बंद केल्यावर सुरळीत.

खरी अडचण पुढे आहे. क्लायंट मोडमध्ये केव्हीएम (लांबून स्क्रीन, कीबोर्ड, माउस वापरणं) सुरू केलं की समोरच्या स्क्रीनवर सहा आकडी कोड येतो आणि तो तिथल्या माणसाने आपल्याला सांगावा लागतो. ऑफिस सुटल्यावर कोड वाचणार कोण? म्हणून पूर्ण अधिकारांचा अ‍ॅडमिन कंट्रोल मोड हवाय. प्रत्येक मशीनपुढे बसून, कंट्रोल-पी दाबून, एमईबीएक्समध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या एएमटीच्या सेटिंगमध्ये) मूळचा 'अ‍ॅडमिन' पासवर्ड बदलून हे होतं. नमुन्यादाखल केलंय, चालतं. पण सगळ्या मशीनवर असं करणं आम्हाला झेपणारं नाही.

दुसरा रस्ता प्रोव्हिजनिंग सर्टिफिकेटचा, म्हणजे लांबूनच अ‍ॅडमिन मोड चालू करायला लागणाऱ्या डिजिटल ओळखपत्राचा. त्याचं रूट (ते देणाऱ्या संस्थेचं मूळ सर्टिफिकेट) फर्मवेअरमधल्या यादीत असावं लागतं आणि डीएचसीपीच्या (मशीनला नेटवर्कचा पत्ता देणाऱ्या सेवेच्या) १५ नंबरच्या ऑप्शनमधून मशीनला मिळणारा डोमेन सफिक्स (नेटवर्कचं डोमेन नाव) सर्टिफिकेटवरच्या डोमेनशी जुळावा लागतो. आमची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोजची खाती नि मशीन सांभाळणारी यंत्रणा) डॉट लोकल या फक्त आतल्या नावावर आहे, आणि त्या नावाचं सर्टिफिकेट कुठलीही सार्वजनिक सीए (सर्टिफिकेट देणारी संस्था) देत नाही. स्वतःच्या सीएचा हॅश (सर्टिफिकेटची ठशासारखी ओळख) घालायचा तर तोही एमईबीएक्समध्ये हाताने, म्हणजे पुन्हा मशीनपाशी जाणं आलंच.

माझ्या डोक्यात आहे ते असं : एक वेगळं व्हीलॅन (त्याच नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग) करायचं, तिथल्या डीएचसीपीत ऑप्शन १५ ला संस्थेचं नोंदणीकृत डोमेन द्यायचं, मशीन थोडा वेळ तिथे नेऊन अ‍ॅडमिन मोड चालू करायचा आणि मग परत नेहमीच्या व्हीलॅनमध्ये आणायचं.

हे कुणी प्रत्यक्ष केलंय का? सफिक्स फक्त सेटअपच्या वेळी तपासला जातो की परत आणल्यावर काही अडतं? डोमेनला जोडलेल्या विंडोजला तेवढ्या वेळात लॉगिनचा त्रास होतो का? आणि क्लायंट मोडमध्ये गेलेली मशीन सर्टिफिकेटने थेट वर नेलीत, की आधी एएमटी पुसून नव्याने केलंत?

आणखी एक, आणि ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. अ‍ॅडमिन मोडमध्ये संमतीचा तो सहा आकडी कोड बंद करता येतो. केव्हीएम चालू असताना स्क्रीनला लाल-पिवळी किनार येते, पण तिचा अर्थ आमच्याकडे कुणालाच माहीत नाही. माणूस कामावर बसलेला असताना त्याला न विचारता त्याची स्क्रीन उघडणं मला पटत नाही. दिवसा कोड चालू आणि रात्री बंद, अशी व्यवस्था कुणी मेशसेंट्रलमधून किंवा स्क्रिप्टने बसवली असेल तर कशी केलीत ते कृपया सविस्तर लिहा. कर्मचाऱ्यांना काय लेखी दिलंत, तेही सांगा.