मदत हवी आहे: नाशिकहून एका दिवसात धबधबा आणि गरम पाण्याची कुंडं, गाडी-गाईडसह

पंचवटीकर | बुधवार, रात्री ९:१०
मंडळी, जरा लवकर सांगा. धबधबा आणि गरम पाण्याची कुंडं एकाच दिवसात उरकायची आहेत. खासगी गाडी आणि गाईड असं पॅकेज मिळतंय. एर्टिगा, किलोमीटरला १४ रुपये, मिनिमम ३०० किमी, ड्रायव्हर भत्ता ४००, गाईडचे २५०० वेगळे. उद्या दुपारी ॲडव्हान्स द्यायचाय. भाव बरोबर आहे का? आणि आधी धबधबा की आधी कुंड? गूगलवरच्या याद्या चिकटवू नका, त्या बघून झाल्यात.

घाटवाट | ९:२२
कुठला धबधबा, कुठली कुंडं, कधी, किती जण? चारही गोष्टी गाळून भाव विचारताय.

पंचवटीकर | ९:२५
कुंडं म्हणजे वज्रेश्वरीचीच की, नाशिकहून अजून कुठली? धबधबा विहीगावचा, अशोका. मोठी माणसं सहा.

सातपूर_एमआयडीसी | ९:३१
विहीगावला कशाला जाता घाट उतरून? दुगारवाडी करा. त्र्यंबकच्या पुढे जव्हार रस्त्याला, नाशिकहून तासाभरात. गाईड नको, पॅकेज नको.

घाटवाट | ९:३८
दुगारवाडीला धबधब्यापर्यंत जायचं तर ओढा ओलांडावा लागतो. वर डोंगरात पाऊस झाला की परतीच्या वाटेवरचा तोच ओढा छातीएवढा होतो आणि माणसं पलीकडे अडकतात. ऑगस्ट २०२२ मध्ये हेच झालं होतं. शिवाय तिथे गरम पाणी कुठाय? प्रश्न दोन्हींचा आहे.

सातपूर_एमआयडीसी | ९:४१
वर ढग दिसले तर जाऊ नये एवढी अक्कल असते लोकांना.

घाटवाट | ९:४७
ढग दिसत नाहीत हीच तर अडचण. दरीत उभं राहिलं की वरचं पाणलोट नजरेआड असतं. ऊन पडलेलं असताना लोंढा येतो. खुणा पाण्यात बघायच्या: स्वच्छ पाणी एकदम तांबूस गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागतात, आवाज जड होतो. यातलं एक दिसलं तरी चप्पल शोधत बसू नये, आहे त्याच काठावर उंचावर चढावं. ओलांडायला जाऊ नये. विहीगावलाही हाच नियम. फरक इतकाच की तिथे डोहाकडे पायऱ्यांनी उतरता येतं आणि मधे ओढा आडवा येत नाही.
पंचवटीकर, तारीख अजून सांगितली नाहीत.

पंचवटीकर | ९:५०
ह्या रविवारी. आणि भावाचं कोणीच बोलत नाहीये.

पिवळी_पाटी | १०:०५
भावाचं मी सांगतो. एर्टिगाला १४ सध्या चालू भाव आहे, भत्ता ४०० पण ठीक. पण ३०० मिनिमम म्हणजे ३०० मध्ये काम होईल असं नाही. नाशिक ते विहीगाव साधारण ८०, तिथून वज्रेश्वरी ९०, परत नाशिक १५०. झाले ३२०. त्यावर गॅरेज टू गॅरेज मोजतात, म्हणजे गाडी त्याच्या गोठ्यातून निघाल्यापासून परत गोठ्यात जाईपर्यंत. गोठा सिन्नर फाट्याला आणि तुम्ही पंचवटीत, तर जाऊन-येऊन वीस-पंचवीस तिथेच गेले. ३४५ धरा, ४८३० भाडं, ४०० भत्ता, टोल आणि पार्किंग तुमचं. रात्री दहानंतर गाडी सुटली तर नाईट चार्ज लावतात, तो आधी विचारा.
निघताना आणि सुटताना मीटरचा फोटो काढा. पाटी पिवळी आहे का बघा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते.
आता मुख्य गोष्ट. एर्टिगात ड्रायव्हर सोडून सहा सीट. तुम्ही सहा. गाईड कुठे बसणार?

पंचवटीकर | १०:०९
हे लक्षातच आलं नाही. तो म्हणाला ॲडजस्ट होईल.

भूस्तर | १०:१४
भाव राहू द्या, महिना बघा. श्रावणात वज्रेश्वरीजवळची तानसा नदी दुथडी असते. तिथल्याच अकलोली गावची काही कुंडं थेट नदीपात्रात, काठाच्या खडकात आहेत. पूर आला की ती पाण्याखाली जातात. पाणी उतरल्यावरही दोन-चार दिवस गाळ असतो. धबधब्याचा मोसम जुलै ते सप्टेंबर, नदीतल्या कुंडांचा नोव्हेंबर ते मार्च. दोन्ही धड मिळतात ते सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तेवढीच खिडकी.

तर्रीबाज | १०:१६
सकाळी निघताना मिसळ कुठे खाणार ते ठरलं का? पाचला कोणी उघडत नाही, त्यामुळे आदल्या रात्रीच मटकी भिजवून

घाटवाट | १०:१७
तर्रीबाज, दुसरा धागा काढा हो.

पंचवटीकर | १०:२०
ऑक्टोबरमध्ये जमणार नाही. चुलत भाऊ अमेरिकेतून आलाय, पुढच्या आठवड्यात परत जातोय. त्यालाच हॉट स्प्रिंग बघायचंय. म्हणजे रविवारी कुंडं बंद असतात असं म्हणायचंय का?

भूस्तर | १०:३३
बंद नाही. नदीतली सोडून द्या, बांधीव कुंडांकडे जा. अकलोलीला रामेश्वर मंदिराशेजारी आहेत, गणेशपुरीला भीमेश्वर मंदिराजवळ आहेत. दोन्ही ठिकाणं वज्रेश्वरीपासून अगदी जवळ. पुराचं पाणी तिथवर सहसा चढत नाही. उगमाचं तापमान पन्नाशीच्या आसपास, म्हणजे थेट उगमात पाय घातला तर चटका बसतो. लोक उतरतात ती शेजारची निवलेली कुंडं. पावसाळ्यात वरचं पाणी मिसळून एखादं कुंड अगदी कोमट लागतं. त्यात उगमाचा दोष नाही.

नवश्या | १०:३७
तिथे खाली ज्वालामुखी आहे ना? मग गाईड पाहिजेच.

भूस्तर | १०:५१
नाही. दख्खनचा बेसाल्ट लाव्हाचाच, पण त्याला साधारण साडेसहा कोटी वर्षं झाली. ती उष्णता कधीच निवली. इथलं गणित साधं आहे. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं. जमिनीत खाली जाऊ तसं दर किलोमीटरला सर्वसाधारणपणे पंचवीस-तीस अंशांनी तापमान वाढतं. एक-दीड किलोमीटर खोल जाऊन तापलेलं पाणी दुसऱ्या मोठ्या भेगेतून भरभर वर आलं तर गरमच बाहेर पडतं. कोकणपट्टीत अशा भेगांची रांगच आहे: सातिवली, कोकणेर, गणेशपुरी, खाली पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सव, रत्नागिरीत आरवली, तुरळ, उन्हवरे. भावाला आधीच सांगून ठेवा, कारंजं उडत नाही. बुडबुडे येतात, वाफ दिसते, थोडा गंधकाचा वास येतो.

परदेशवारी | १०:५८
कारंजं हवं असेल तर आइसलँड. रेक्याविकहून गोल्डन सर्कल करायचं, साधारण ३०० किमीचा फेरा, एका दिवसात होतो. थिंगवेलिर, मग गेसिर. तिथला स्ट्रोक्कूर सहा ते दहा मिनिटांनी उडतो, बहुतेक वेळा १५ ते २० मीटर. मग गुलफॉस, ३२ मीटर, दोन टप्प्यांत, ११ आणि २१. खासगी गाईड घेतला तर बसच्या गर्दीआधी गेसिरला पोहोचवतो. वाऱ्याची दिशा बघून उभं राहायचं, नाहीतर फवारा अंगावर.

पिवळी_पाटी | ११:०२
३०० मिनिममात बसतं म्हणा. पण गॅरेज सिन्नर फाट्याला.

खानदेशी | ११:०८
वज्रेश्वरीपेक्षा उनपदेव करा की. चोपडा तालुका, सातपुड्याच्या पायथ्याला, दगडी गोमुखातून गरम पाण्याची धार. गर्दी नाही.

घाटवाट | ११:११
नाशिकहून एकेरी दोनशेच्या वर. दिवस गाडीतच जाईल.

खानदेशी | ११:१३
मुक्काम करा. सगळं एका दिवसात कोंबायची घाई कशाला?

घाटवाट | ११:३०
त्यांनी एक दिवस विचारलाय, दोन नाही.
पंचवटीकर, क्रम लिहून घ्या. आधी धबधबा, मग कुंड. उलटं केलं तर गरम पाण्यातून निघालेलं सैल अंग घेऊन निसरड्या पायऱ्या उतराल, आणि दुपारी विहीगावला गर्दीही जास्त.
पहाटे ५:३० ला निघा, घोटी टोल, इगतपुरी, कसारा घाट. कसाऱ्याहून खोडाळा रस्त्याला दहा-बारा किमी आत विहीगाव. ७:३० ते ९:३० तिथे. परत महामार्गाला लागून शहापूर, पडघा. वज्रेश्वरीचा नाका म्हणजे भिवंडी–वाडा रस्त्यावरचं अंबाडी. त्या रस्त्याचे खड्डे गृहीत धरून बारापर्यंत पोहोचाल. देवळाला बावन्न पायऱ्या आहेत. जेवण कुंडानंतर, आधी नाही. ३:३० ला निघा.
येताना समृद्धी धरा. आमणे ते इगतपुरी हा ७६ किमीचा शेवटचा टप्पा जून २०२५ पासून सुरू आहे. घाट चढावा लागत नाही, जवळपास आठ किमीचा बोगदा आहे. जाताना मात्र समृद्धी घेऊ नका. बोगद्यातून थेट पलीकडे निघाल आणि विहीगावचा फाटा मागे राहील.

सातपूर_एमआयडीसी | ११:३६
समृद्धीचा टोल बघितलाय का? जुन्या रस्त्याने या, पैसे वाचतात.

पिवळी_पाटी | ११:४०
रविवारी संध्याकाळी कसारा घाटात एक ट्रेलर बंद पडला की दोन तास गेले. मग नाईट चार्ज भरा. टोल स्वस्त पडेल.

परिचारिका_ना | गुरुवार, सकाळी ६:५०
सहा जणांत कोण कोण आहे? ज्येष्ठ, गरोदर, बीपी-शुगरवाले?

पंचवटीकर | ७:१५
आजोबा आहेत, ७८. बीपीची गोळी चालू, शुगर आहे, एक गुडघा बदललेला. ते फक्त कुंडासाठीच येतायत. गुडघ्याला बरं वाटेल म्हणे.

परिचारिका_ना | ७:३४
हे आधी सांगायचं हो. त्यांना पूर्ण कुंडात उतरवू नका. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात, वरून बीपीची गोळी, आणि माणूस उठून उभा राहिला की चक्कर येऊन तिथेच घसरतो. काठावर बसवून पोटऱ्यांपर्यंत पाय, दहा मिनिटं, मधे पाणी पाजा. जुनी शुगर असेल तर पावलांना चटका कळत नाही, म्हणून आधी दुसऱ्या कोणीतरी कोपर बुडवून बघायचं. पायाला जखम किंवा भेग असेल तर तेही नको. उठवताना दोघांनी धरा, मिनिटभर बसवून मग उभं करा.
डोकं कुणीच बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट गोड्या पाण्यात अमीबा असू शकतो, तो नाकावाटेच आत जातो. क्वचित होतं, पण झालं तर जिवावरच. आणि विहीगावच्या पायऱ्या आजोबांना नकोत. त्यांना वरच गाडीत थांबवा, सोबत कुणीतरी ठेवा.

घाटवाट | ७:५८
म्हणजे गाईडचा हिशोबही बदलला. २५०० मध्ये तो काय करणार ते विचारा. कुंडांना गाईड लागत नाही. लागलाच तर विहीगावला, आणि तिथे गावातलीच मुलं असतात, त्यांना त्या दिवसाचं पाणी ठाऊक असतं. नाशिकहून नेलेल्याला ते नसतं, आणि सीटही जाते. तरी न्यायचाच असेल तर तीन प्रश्न: माणशी एक लाइफ जॅकेट आहे का, दोर कोण बांधणार, आणि ऐनवेळी बंदी आली तर पैसे परत का?
बंदीचं नीट ऐका. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधब्यांवर मनाई आदेश काढतात, पूर्वी कलम १४४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. विहीगाव शहापूर तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्हा. नाशिकचा आदेश बघून निघाल आणि फाट्यावर पोलीस परत पाठवतील. ठाण्याचा बघा. परताव्याचं व्हॉट्सॲपवर लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

पंचवटीकर | ९:०५
गाईड रद्द केला. रविवारऐवजी सोमवार केला तर? आणि मुलं दोन आहेत, ती मोठ्यांत धरली नव्हती.

पिवळी_पाटी | ९:०८
म्हणजे आठ. एर्टिगा विसरा. टेम्पो ट्रॅव्हलर घ्या, भाव वेगळा, मिनिमम बहुतेक तेच. आजोबांना मागच्या सीटवर कोंबण्यापेक्षा बरं, पण पायरी उंच असते, खाली ठेवायला छोटा स्टूल मागा.

सातपूर_एमआयडीसी | ९:१२
सोमवारी तिसरा श्रावणी सोमवार. ब्रह्मगिरीची फेरी. रस्ते बंद.

घाटवाट | ९:१५
त्र्यंबकचे. हे आग्रा रोडने चाललेत. उलट सोमवारी विहीगाव रिकामं मिळेल. तुमची दुगारवाडी मात्र त्या दिवशी कटाप.

पंचवटीकर | दुपारी १:४०
सोमवार ठरला. ट्रॅव्हलर सांगितली, परताव्याचं लिहून घेतलं, स्टूल पण मागितला. शेवटचं एक. भावाच्या हातात चांदीचं जाड कडं आहे, निघत नाही म्हणतो. कुंडात चालेल का?

भूस्तर | १:५२
गंधकाच्या पाण्याने काळं पडू शकतं. साबण लावून काढायचा प्रयत्न करा. नाहीच निघालं तर तो हात पाण्याबाहेर. काळं पडलंच तर घासू नका, चांदी झिजते. भांड्यात ॲल्युमिनियमची फॉईल चकचकीत बाजू वर करून अंथरा, वर कडं, त्यावर दोन चमचे खायचा सोडा आणि उकळतं पाणी. कडं फॉईलला टेकलेलं पाहिजे. पाचेक मिनिटांत काळेपणा फॉईलकडे जातो.

तर्रीबाज | १:५५
हातात असतानाच उकळतं पाणी ओतू नका म्हणजे झालं. आणि सोमवारी मिसळ मिळते, पण उपवास कोणाकोणाचा आहे?